मागील दारचा इतिहास

परळी वैजनाथचा इतिहास सांगायला बसले की तो नेहमी पुढच्या दाराने आत येतो. ज्योतिर्लिंग, बालाघाटाच्या कुशीतले मंदिर, अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात केलेला त्याचा जीर्णोद्धार, निजामाचे राज्य, १९४८ ची पोलीस कारवाई, १९७१ मध्ये सुरू झालेले औष्णिक विद्युत केंद्र. साहित्याचे अभ्यासक त्यात शेजारच्या अंबाजोगाईचे मुकुंदराज आणि दासोपंत यांची भर घालतात. हा सारा इतिहास खरा आहे. परंतु घराला मागचेही दार असते आणि त्या दारातून रोज काही बाहेर जाते, काही आत येते. खरकटे पाणी, चुलीतली राख, शेण, केर बाहेर जातो. वांगे, वालाच्या शेंगा, मेथीची जुडी, कढीपत्त्याची डहाळी आत येते. या देवाणघेवाणीचा इतिहास कुठल्या शिलालेखात नाही. तो आहे भाषेत, सणावारांत आणि मातीत. प्रस्तुत लेखात तो परळीच्या निमित्ताने जुळवून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. घरामागच्या जागेला मराठीत परस म्हणतात. त्यावरून परसदार, परसबाग हे शब्द झाले. आणि त्यावरूनच 'परसाकडे जाणे' हा शौचाला जाण्यासाठीचा सभ्य वाक्प्रचारही झाला. आजच्या वाचकाला या दोन अर्थांची सोयरीक ओशाळवाणी वाटेल. वास्तविक ती अगदी यथार्थ आहे. जिथे शरीराने टाकलेले जाते तिथूनच शरीराला लागणारे उगवते, हे ज्या समाजाला रोज दिसत होते त्या समाजाने एकाच शब्दात दोन्ही गोष्टी ठेवल्या. अलीकडे 'रीजनरेटिव्ह' किंवा पुनरुज्जीवक म्हणून जी बागशेती सांगितली जाते तिचा गाभा एवढाच आहे, की मातीतून जितके घ्यायचे त्याहून थोडे अधिक तिला परत करायचे. आमच्या परसाला हे नाव ठाऊक नव्हते, व्यवहार ठाऊक होता.

आता ऋतूकडे. बागकामाच्या परदेशी पुस्तकांत आणि त्यांवरून बेतलेल्या मराठी लेखनात 'पावसाळी हिवाळा' भेटतो. भूमध्य समुद्राच्या काठी किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यातच पडतो, तेव्हा तिथली पुस्तके साचलेल्या पाण्याचा निचरा कसा करावा हे शिकवतात. परळीचा हिवाळा कोरडा. वर्षाचा सहा-सातशे मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो आणि हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांत परतीच्या सरी मिळाल्या तर मिळतात. त्यानंतर हिवाळ्यात पाऊस आलाच तर तो 'अवकाळी' ठरतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाड्याची हातातोंडाशी आलेली रब्बी झोडपली ती आठवण अजून जुनी झालेली नाही. सांगायचा मुद्दा असा, की आमच्याकडे हिवाळी बागेचा पाऊस आकाशात नसतो, तो मातीत असतो. ऑक्टोबरपर्यंत जे मुरले ते फेब्रुवारीपर्यंत पुरवायचे, ही सारी विद्या आहे.

ती विद्या काळ्या मातीच्या स्वभावावर उभी आहे. ही माती पाणी धरून ठेवते, पण सुकू लागली की तिला भेगा पडतात आणि धरलेले पाणी त्या भेगांतून उडून जाते. म्हणून रब्बीच्या ज्वारीत कोळपे फिरवतात. वरची बोटभर माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालचा ओलावा अडतो. एक कोळपणी म्हणजे निम्मे पाणी दिल्यासारखे, असे शेतकरी म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पुनरुज्जीवक शेतीचे आजचे पाठ 'माती हलवू नका' असे सांगतात. तो सल्ला पालापाचोळ्याचे जाड आच्छादन देता येत असेल तिथे उत्तमच. जिथे कडब्याचे प्रत्येक ताट गुरांच्या दावणीला लागते तिथे आच्छादन आणायचे कुठून? तिथे मातीनेच मातीला पांघरूण घालावे लागले. तत्त्व एकच, ओलावा झाकणे. परंतु ते अमलात कसे आले हे स्थळाने ठरवले. परसात मात्र आच्छादन परवडत होते. तिथे झाडलेला पाला, शेंगांची टरफले, कडब्याचा चुरा होता. आणि न्हाणीचे पाणी होते. न्हाणीच्या मोरीखाली अळू, केळ आणि कर्दळ ही जुन्या घरांची जवळपास ठरलेली मांडणी. तिच्यामागे सौंदर्यदृष्टी असेल, पण आधी हिशेब होता. वापरलेले पाणी जिथे बाहेर पडते तिथे तहानलेले झाड लावायचे.

या बागेचे दिनदर्शक आमच्या सणांत जपलेले आहे. अनेक घरांत चातुर्मासात वांगे वर्ज्य असते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर ते पुन्हा पानात येते. त्या सुमारास थंडीने वांग्याला खरी गोडी आलेली असते. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या भागात येळवस होते. रानात कडब्याची खोप करून पूजा मांडतात. ओल्या शेंगादाण्यांच्या आणि पालेभाज्यांच्या मिसळणीची भज्जी, सोबत आंबील आणि उंडे. मग पौषात भोगी. वालपापडी, ओला हरभरा, गाजर, वांगे, घेवडा आणि तीळ एकाच पातेल्यात. दुसऱ्या दिवशी संक्रांतीच्या सुगडांत हुरडा, बोरे, उसाचे कांडे, हरभऱ्याचे घाटे. या यादीकडे धर्मशास्त्र बाजूला ठेवून पाहिले तर ती काय आहे? त्या पंधरवड्यात परसात आणि रानात नेमके काय तयार असते याची नोंद. शिवाय तिच्यात एकट्या पिकाला मान नाही. भोगीच्या भाजीत एकच भाजी असून चालत नाही, म्हणून घरामागे एकच भाजी लावून चालत नव्हते. त्यात वाल, घेवडा, हरभरा ही हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवणारी कुळे ठळकपणे आहेत, हा योगायोग असेल. पण मातीच्या दृष्टीने तो भाग्याचा योगायोग आहे. वालाचे जुने वाण तर दिवस लहान होऊ लागल्याखेरीज फुलावरच येत नाहीत. पावसात लावायचे, हिवाळ्यात खायचे.

मातीचा इतिहास याहून जुना आहे. मराठी गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. गावठाणाची माती पांढरी का? पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी घरे बांधली गेली, पडली, त्यांवर पुन्हा बांधली गेली. भिंतींची माती, माळवदावरचा थर, चुलीची राख, शेण, हाडे, खरकटे हे सारे एकमेकांत मिसळून तिचा रंग पालटला. पुरातत्त्वज्ञ आज मातीतील फॉस्फेट तपासून प्राचीन वस्ती ओळखतात, त्यामागचे कारण हेच. शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागली नाही. ओसाड पडलेल्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकली की पीक जोमाने येते हे तो जाणून होता, आणि त्यापायी दख्खनमधील कितीतरी प्राचीन टेकाडे खणली गेली. पुरातत्त्वज्ञांच्या दृष्टीने हा विध्वंस होय. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहावी. माणसांनी शतकानुशतके काळीतून पांढरीत जे वाहून आणले ते त्यांचे वंशज पांढरीतून काळीत परत नेत होते.

हा क्रम किती जुना असेल? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत जव, गहू, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे मिळाले, पाणी वळवण्यासाठी केलेला बांध आणि पाटही मिळाला. ही पिके थंडीची. म्हणजे पावसाचे पाणी राखून हिवाळ्यात पिकवणे ही दख्खनच्या पठारावरील पहिल्या शेतकऱ्यांचीच रीत होती. परळीच्या परसातील मेथीचा वाफा या दीर्घ परंपरेचे शेवटचे, अगदी लहान टोक आहे.

ग्रंथांत परस क्वचितच येतो, पण मळा येतो. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथील सावता माळी हे तेराव्या शतकातील संत. पंढरीची वाट न धरता मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला, असे परंपरा सांगते. या आख्यायिकेचा भक्तिपर अर्थ सर्वांना परिचित आहे. आम्हाला तिच्यातील कामाचा अर्थही महत्त्वाचा वाटतो. मळा चार दिवस सोडून जाता येत नाही, तिथे माणूस हजर असावा लागतो. हा धागा लेखाच्या शेवटी पुन्हा लागेल.

महात्मा फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) ब्राह्मणशाही आणि नोकरशाहीवरील टीका म्हणून वाचले जाते. ते मातीचेही पुस्तक आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, फुले आणि मेलेले कीटक पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येऊन शेतांना आपोआप खत मिळत असे, सरकारच्या जंगल खात्याने डोंगर आणि गायराने बंद केल्यावर हे खत तुटले आणि जनावरेही घटली, असा कार्यकारणभाव फुले मांडतात. उपायही सांगतात. लष्करात आणि पोलीस खात्यात रिकामे असलेल्या शिपायांकडून ताली आणि बांध घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि सत्त्व नदीला जाणार नाही. जमिनीचा कस ही राजकीय बाब आहे, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारे मराठी गद्य त्यापूर्वी आमच्या पाहण्यात नाही.

यानंतरचा टप्पा इंदूरचा. ज्या होळकर घराण्यातील अहिल्याबाईंनी परळीचे मंदिर उभे केले त्याच होळकरांच्या संस्थानाने दिलेल्या जमिनीवर १९२४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था उभी राहिली आणि अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. बिहारातील पुसा येथे १९०५ पासून काम करताना हॉवर्ड यांनी हिंदी शेतकऱ्याला अडाणी न मानता गुरू मानले होते. इंदुरात त्यांनी वनस्पतींचा केर, शेण, गुरांच्या मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ते ठरावीक काळाने उलथून सुमारे तीन महिन्यांत कुजलेले खत तयार करण्याची रीत बसवली. कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग, हा भेदही तीत होता. हीच जगप्रसिद्ध 'इंदूर पद्धत'. १९३१ मध्ये तिच्यावरचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्डने छापले तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावे होती, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे हॉवर्ड सेंद्रिय शेतीचे जनक ठरले. वाड हे नाव मात्र मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसते. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी हॉवर्ड यांच्यापासून प्रेरणा घेतली आणि त्यांचे पुत्र रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या दशकात 'रीजनरेटिव्ह' हा शब्द रूढ केला. आज तो शब्द नवलाईने आपल्याकडे येतो. आमच्या उकिरड्यातली गोष्ट मागील दाराने बाहेर पडली, जग फिरली आणि पुढच्या दाराने पाहुणी होऊन आली. तिला पाटपाणी जरूर द्यावे, पण ती घरचीच आहे हे विसरू नये.

घरातही हा विचार कुणी जागता ठेवला नव्हता असे नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर (१९२४–२००१) यांनी 'प्रयोग परिवार' उभारून, एका कुटुंबाच्या गरजा दहा गुंठ्यांत सूर्यप्रकाश आणि काडीकचरा यांच्या जोरावर कशा भागतील याचा हिशेब मांडला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांची भूमिका सांगते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी परसबागेतून वालाचे आणि इतर भाज्यांचे गावरान वाण जपले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मराठवाड्यात १९९३ च्या भूकंपानंतर काम करू लागलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतील एखादा एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला लावून त्यात ऊस-सोयाबीनऐवजी धान्य, डाळी, भाज्या घेतल्या. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

इतके झाल्यावर जुन्या परसाचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे. ते योग्य होणार नाही. परस सर्वांना नव्हता. तो वाड्याला होता, विहीर असलेल्याला होता, पाण्याला शिवण्याचा अधिकार असलेल्याला होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीला ना विहीर, ना हक्काची जागा. गावाचा मैला उचलणारे हात ठरलेले होते. त्यापासून होणाऱ्या खताला भाषेने 'सोनखत' असे देखणे नाव दिले, आणि ते सोने ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांना त्यातले काही लाभले नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोनदा कायदे करावे लागले, ही स्वतंत्र भारताची गोष्ट आहे. वाड्याच्या आतही शेणगोठा, राख, पाणी शेंदणे हे बायकांचे काम आणि बागेची कीर्ती घरधन्याची. तेव्हा मातीला परत देण्याचे चक्र पुन्हा सुरू करायचे तर ते कोणाच्या श्रमावर फिरणार, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

आजच्या परळीत हे चक्र कुठे अडते? काही कारणे कोणत्याही शहरासारखीच. अंगणाला फरशी आली, न्हाणीचे पाणी गटारात गेले, ओल्या केरात प्लास्टिक मिसळले. काही कारणे खास इथली. राख हा एकच शब्द परळीत दोन वस्तूंना लागतो. चुलीची राख पालाश देते. तीही आपल्या मुळात विम्लधर्मी असलेल्या काळ्या मातीत बेतानेच घालावी. औष्णिक केंद्राची कोळशाची राख ही निराळी वस्तू, तिच्यात जड धातूंचे अंश असू शकतात आणि तपासणीशिवाय ती भाजीच्या वाफ्यात घालणे बरे नव्हे. पाण्याचे म्हणाल तर २०१५ च्या जुलैत हे केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पुढल्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेतांची माती खरडून नेली. दोन्ही टोकांना उपाय एकच राहतो, जो फुल्यांनी सांगितला होता आणि परसाने लहान प्रमाणात केला होता. पाणी जिथे पडते तिथे मुरवणे आणि माती उघडी न ठेवणे.

परंतु सर्वांत मोठे कारण याहून साधे आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. ती परत येते ती मार्च-एप्रिलात. म्हणजे हस्ताचा पाऊस मुरून जेव्हा वाफा भरायची वेळ येते तेव्हा घराला कुलूप लागते, आणि वालाच्या शेंगा, भोगी, हरभऱ्याचे घाटे सारे होऊन गेल्यावर ते उघडते. मराठवाड्याचा हिवाळी परस ज्या महिन्यांचा, नेमके तेच महिने या घरांना नाहीत. मागे राहते ती म्हातारी आणि कधी शाळेसाठी ठेवलेले पोर. त्या म्हातारीने मोरीपाशी वालाचा एखादा वेल चढवलेला आजही दिसतो. तेवढ्यावर बियाणे तगून आहे.

पुनरुज्जीवन हा शब्द आपण मातीपुरता वापरतो तेव्हा हे विसरतो. सावता माळ्याच्या आख्यायिकेचा धागा येथे लागतो: मळ्याला हजर माणूस लागतो. जिल्ह्यातच हिवाळ्याची मजुरी मिळाली, बांधबंदिस्तीची कामे त्या महिन्यांत निघाली, गावठाणाच्या लहान जागांनाही पाण्याचा हक्क मिळाला, तरच परसबागेच्या सल्ल्याला अर्थ राहील. अन्यथा ती ज्यांच्याकडे आधीच जागा, पाणी आणि सवड आहे त्यांचा छंद होऊन बसेल, आणि जुन्या परसाचा दोष तेवढा आपण पुढे चालवू.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक लहान काम सुचवतो. येत्या भोगीला आपल्या घरच्या भाजीत काय काय पडले ते लिहून ठेवावे, आणि त्यातले किती घरामागून आले, किती मंडईतून, हे त्याच्यापुढे नोंदवावे. शक्य झाल्यास घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना त्यांच्या लहानपणीची यादी विचारावी आणि ती शेजारी मांडावी. या दोन याद्यांमधील अंतर हा मागील दारच्या इतिहासाचा पहिला कागद ठरेल.